खोल थैली

थैलीमामांच्या तोंडात दिवसातला बराच वेळ खिळे असत. हा काही त्यांचा शौक नव्हता, धंदाच तसा होता. बसून बसून खड्डा पडलेले सोफे, दवाखान्यातली बाकं, न्हाव्याच्या खुर्च्या असं काय काय त्यांच्या दुकानात यायचं. मामा ते उसवायचे, स्प्रिंगा आवळायचे, काथ्या नि फोम भरायचे आणि नवं कापड चढवून परत पाठवायचे. एका हाताने कापड ताणायचं, दुसऱ्यात हातोडी, मग बारीक खिळे धरायला तिसरा हात आणायचा कुठून? म्हणून ते ओठांत. गिऱ्हाईक भाव विचारी तेव्हा मामा मान हलवत, गिऱ्हाईक घासाघीस करी तेव्हाही मान हलवत, फक्त दुसऱ्या दिशेने.

मामींचं म्हणणं असं, की खिळ्यांना उगाच बोल लावू नका, जेवतानासुद्धा हा माणूस बोलत नाही. त्यांच्या स्वतःच्या तोंडात तीळ भिजत नसे, त्यामुळे घरात एकूण बोलणं बेताचं होई.

‘मामा’ हे नाव त्यांना भाच्यामुळे मिळालं आणि ‘थैली’ चर्चच्या मंडळीतल्या कामामुळे. रविवारी सकाळी उपासनेत अर्पणाचं गीत सुरू झालं, की मामा कोपऱ्यातली थैली उचलत आणि बाकांच्या रांगांमधून चालू लागत. भाचा लहान असताना एकदा आईशेजारी बाकावर उभा राहिला आणि "थैलीमामा आला!" असं शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल असा ओरडला. तेव्हाच्या पाळकसाहेबांनाही हसू आवरलं नाही, आणि नाव चिकटलं ते चिकटलंच. पुढे भाचा मोठा झाला, पाणीपुरवठ्याच्या कचेरीत हिशेब तपासायला लागला, मंडळीचा खजिनदार झाला. मामा थैलीमामाच राहिले.

थैली मामांनी स्वतः शिवलेली होती. तोंडाशी लाकडी कडं, कड्याला लांब दांडा, बाहेरून गर्द निळं जाड कापड आणि आतून मऊ लोकरी अस्तर. नाणं पडलं तरी आवाज होत नसे, नोट आणि नाणं तिथे सारखंच मुकं. आणि खोली एवढी, की घालणाऱ्याचा हात मनगटाच्या वरपर्यंत आत जाई. नवीन आलेला एखादा विचारी, की एवढी खोल कशाला, यात काय पोतंभर धान्य भरायचंय? मामा नुसते हसत. त्या खोलीला कारण होतं, आणि ते मामांनी तोवर कोणालाही सांगितलेलं नव्हतं. मामींनासुद्धा नाही.

ते कारण त्यांच्या तरुणपणातलं होतं. लग्नाला वर्षही झालं नव्हतं, आणि ज्या कारखान्यात ते खुर्च्या भरत तो बंद पडला. मामींना दिवस गेलेले. डॉक्टरीणबाईंनी दूध सांगितलं, औषध सांगितलं आणि विश्रांती सांगितली. यातली विश्रांती तेवढी फुकट होती, आणि तीही मामींना मिळत नव्हती. ज्याच्याकडे हात पसरावा असं माणूस नव्हतं. मोठी बहीण होती, पण ताईंचा नवरा त्याच वर्षी गेला होता, त्यांचंच कसंबसं चाललं होतं.

अशात एका रविवारी थैली समोर आली. तेव्हा ती घंटा वाजवणारे आजोबा फिरवत असत. मामांनी रिकामी मूठ आत घातली, शेजारच्याला दिसावं म्हणून, अब्रूपुरती. आत बोटांना नोटा लागल्या आणि बोटं तिथेच थांबली. देवाच्या थैलीत आपला हात काय करतोय हे त्यांना चांगलं कळत होतं. तरी मूठ मिटली आणि मिटलेलीच बाहेर आली. कानशिलं तापली, आता आजोबा मानगूट धरणार असं वाटलं. भीत भीत वर पाहिलं, तर आजोबा छताकडे पाहत होते.

असे आणखी काही रविवार गेले. मग काम लागलं, मुलगी झाली, ती आणि तिची आई दोघी सुखरूप राहिल्या. मामांनी घेतलं होतं त्याहून जास्त, थोडं थोडं करून, थैलीत परत टाकलं. पण मनातला काटा निघेना. शेवटी उपासनेनंतर त्यांनी आजोबांना गाठलं आणि सांगायला सुरुवात केली. आजोबांनी त्यांना पुढे बोलूच दिलं नाही.

"मला काय सांगतोस? मी छताकडे बघत होतो," ते म्हणाले. "त्या कोपऱ्यात ओल आली आहे. ती वाढतेय का, तेवढं बघतो मी." मग त्यांनी थैली पुढे केली. "थैली विरलीय माझी. तू शिवतोस ना? चांगली खोल शिव. आणि एक ध्यानात ठेव. मूठ मिटून आत, मूठ मिटून बाहेर. सगळ्यांची. टाकणाऱ्याचीसुद्धा. मग देणारा कोण नि घेणारा कोण, ते एका वरच्याला ठाऊक."

मंडळीतली ती जुनी रीत होती. जुनी माणसं हात बाहेर काढताना मूठ मिटूनच काढत आणि गीत संपेपर्यंत मांडीवर तशीच ठेवत. का, ते कोणी कोणाला सांगत नसे. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. इथे ज्याच्याकडे दमडी नाही त्याच्याही मुठीला तोच भाव होता. आजोबा गेले आणि थैली मामांच्या हातात आली.

कापड ताणण्यात जन्म गेलेला माणूस. दांडा धरल्या धरल्या मामांना आतलं कळायचं, त्यांना नको असलं तरी कळायचं. टाकणारा हात खाली जातो आणि लगेच सुटतो. घेणारा हात आत घुटमळतो, बोटं चाचपतात आणि अस्तर एका बाजूला किंचित ओढलं जातं. पहिल्यांदा ते ओढलं गेलेलं कळलं तेव्हा मामांची मान आपोआप वर गेली. आजोबा छताकडे का पाहत असत ते त्यांना त्या दिवशी उमगलं, आणि डोळे भरून आले. थैलीपलीकडे त्यांची बहीण बसली होती.

ताई नंतरही काही वर्षं अधूनमधून घेत राहिल्या. शाळा उघडायच्या सुमाराला अस्तर हमखास ओढलं जाई. भाऊ-बहीण रोज भेटत, एकमेकांच्या घरी जेवत, पण हा विषय कधी निघाला नाही. ताईंना वाटे, याला काही कळत नाही. मामांना वाटे, तिला तसंच वाटत राहू दे.

देण्याविषयी बोलणारे लोक पुष्कळ असतात आणि ते बोलतातही छान. मंडळीतल्या कंत्राटदाराने पुढची बाकं दिली होती, आणि प्रत्येक बाकाच्या पाठीवर ते कोणी दिलं त्याची पितळी पाटी ठोकली होती. पाटी अशी जाड, की टेकून बसलं की देणाऱ्याचं नाव घेणाऱ्याच्या पाठीत रुतायचं. म्हाताऱ्यांनी तक्रार केली तेव्हा मामांनी फुकटात पाठीला गाद्या करून दिल्या. पाठी निवांत झाल्या आणि पाट्या झाकल्या गेल्या. कंत्राटदार तेव्हा काही बोलला नाही, पण तो हे विसरलाही नाही.

मामा स्वतः मिळकतीचा दहावा भाग आधी बाजूला काढत आणि मग घरात पैसे देत. मामी कुरकुरत, पण त्या डब्याला त्यांनी कधी हात लावला नाही. मामांना यात आपण काही करतो आहोत असं वाटत नसे. जे एकदा आपल्या मुठीतून थैलीबाहेर आलं ते परत थैलीत जायचं आहे, इतका साधा हिशेब.

वर्षं गेली. जुनी माणसं एकेक करून गेली, नवीन आली आणि मिटल्या मुठीची रीत कोणाच्या लक्षातही न येता सुटली. लोक पैसे टाकत आणि हात उघडा बाहेर काढत. त्यात वाईट काही नव्हतं. फक्त आता मिटलेली मूठ वेगळी दिसू लागली होती, आणि ते मामांना खटकत असे.

तरीही खांबाजवळच्या बाकावरून एक हात अलीकडे घुटमळू लागला होता. तो बाईचा की बाप्याचा, तरुण की म्हातारा, ते इथे सांगायचं नाही. मामांनी सांगितलं नाही, तर आपण सांगणारे कोण? एवढं खरं, की त्या घरावर मोठा प्रसंग होता आणि चारचौघांत त्याची वाच्यता करण्यासारखी नव्हती. मामांनी पहिल्याच रविवारी ओळखलं. त्यानंतर दहाव्या भागावर ते पदरचं आणखी काही घालू लागले, म्हणजे थैलीत फारशी तूट दिसू नये.

पण हिशेब भाच्याच्या हातात होता. छताची ओल एव्हाना भिंतीपर्यंत उतरली होती, दुरुस्तीसाठी पै पै जमवायची होती आणि भाचा त्यासाठी झटत होता. माणूस सरळ. मंडळीच्या पैशातून स्वतःच्या चहाचाही खर्च त्याने कधी घेतला नाही. आपण काय टाकलं आणि मोजणीत काय आलं याचा मेळ बसत नाही, असं दोघा-तिघांनी त्याच्या कानावर घातलं, तेव्हा कचेरीत केलं असतं तेच त्याने इथे केलं. मंडळीच्या पंचांपैकी तिघांनी आपल्या नोटांचे नंबर लिहून ठेवले आणि त्या थैलीत टाकल्या. मोजणीत एक नोट कमी भरली. पुढच्या रविवारी पुन्हा तसंच. मामांनी घातलेल्या भरपाईचा इथे काही उपयोग नव्हता, कारण ती रक्कम भरून काढी, नंबर नाही.

टाकणारे हात आणि मोजणारं टेबल यांच्यामध्ये थैली एकाच माणसाकडे असे. थैलीतून कोणी बाकावर बसल्या बसल्या काढून घेत असेल, हे पंचांच्या डोक्यात येणंच शक्य नव्हतं. देवाच्या थैलीत हात जातो तो टाकायला, एवढंच त्यांना माहीत होतं. आयुष्यात घ्यायची पाळीच आली नाही, की माणूस असा निष्पाप राहतो.

भाचा एका दुपारी दुकानात आला. मामा न्हाव्याच्या खुर्चीला पाठ चढवत होते, तोंडात खिळे होते. भाचा कापडाच्या गठ्ठ्यावर बसला आणि खाली बघत बोलत राहिला. सगळं सांगून झाल्यावर म्हणाला, "मामा, मी तुमच्यावर संशय घेत नाही. मला फक्त एक उत्तर द्या, जे मी पंचांपुढे ठेवू शकेन."

मामांनी एक खिळा ठोकला. मग दुसरा ठोकला. मनात सगळं लख्ख होतं. एक वाक्य बोललं की आपण सुटतो. पण मग खांबाजवळचं बाक सुटत नाही. भाचा सज्जन होता, म्हणून तर धोका मोठा. तो शोध घेईल, मदतीचा अर्ज भरून घेईल, पंचांपुढे ठेवील आणि मग वर्षभर त्या घराकडे सगळे दयेने बघत राहतील. तशी वेळ आली तर ते माणूस उपाशी राहील, पण मदत मागायला येणार नाही. मामा स्वतःही आले नसते.

त्यांनी तोंडातले उरलेले खिळे तळहातावर काढले. "थैली मी फिरवतो. तिच्यात कमी-जास्त होईल त्याची जबाबदारी माझी."

"म्हणजे काय समजू मी?"

"मी बोललो तेवढंच समज."

भाच्याने बसल्या जागी गठ्ठ्याच्या कापडावरून हात फिरवला. लहानपणी शाळा सुटली की तो याच गठ्ठ्यांवर झोपत असे. उठताना त्याचा चेहरा असा झाला होता, की मामांना त्याला जवळ घ्यावंसं वाटलं. तो वळून निघून गेला.

त्या रविवारी थैली फिरली नाही. दाराशी काचेची पेटी ठेवली होती, जाता येता टाकायची, आणि शेजारी एक पंच उभा होता. मामा आयुष्यात पहिल्यांदाच अर्पणाच्या गीताला बसून राहिले आणि त्यांना आपल्या हातांचं काय करावं ते कळेना. खांबाजवळचं बाक रिकामं होतं.

बातमी पसरायला किती वेळ लागतो? शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंनी अर्धवट भरलेल्या खुर्च्या तशाच परत नेण्यासाठी टेंपो पाठवला. समोरचा शिंपी, जो रोज हातोडी मागायला येई, तो येईनासा झाला. कंत्राटदाराने चार ठिकाणी सांगितलं, की पाट्या झाकणाऱ्याचा हेतू त्याला आधीपासूनच ठीक वाटत नव्हता.

मामींनी दोन दिवस धीर धरला, जो त्यांच्या स्वभावात नव्हता. तिसऱ्या दिवशी मामा जेवायला बसल्यावर त्यांनी ताट वाढलंच नाही.

"आत्ता तोंडात खिळे नाहीत ना?" त्या म्हणाल्या. "मग बोला की. जन्मभर मी तुमच्या दहाव्या भागावर कुरकुर केली, पण तुम्ही दुसऱ्याच्या पैशाला शिवणार नाही हे मी जाणते. कोणाला पाठीशी घालताय?"

मामांनी त्या माणसाचं नाव सांगितलं नाही. पण दुसरी गोष्ट सांगितली, जी इतकी वर्षं सांगायची राहिली होती. कारखाना बंद पडला तेव्हा दूध कुठून आलं, औषध कुठून आलं, आपण मालकाकडून उचल घेतली असं तुला सांगितलं ते कसं खोटं होतं. बोलायची सवय नसल्यामुळे ते सगळं उलटसुलट क्रमाने आलं. मामी ऐकत होत्या. आपली लेक, जी आता दूर आपल्या संसारात होती आणि दर आठवड्याला फोन करत होती, ती कोणाच्या तरी मिटलेल्या मुठींवर जगली होती, आणि त्या मुठी कोणाच्या ते कधीच कळणार नव्हतं. आभार मानायचे तर कोणाचे? त्या ओट्याकडे वळल्या. मग त्यांनी ताट वाढलं.

"असं असेल तर गप्पच बसा," त्या म्हणाल्या. "मीही बसते." आणि त्या खरोखरच बसल्या. ज्यांनी मामींना ओळखलं आहे त्यांनाच कळेल की हे केवढं मोठं अर्पण होतं.

महिनाअखेरीला उपासनेनंतर मंडळीची सभा भरली. भाचा उभा राहिला आणि त्याने कागदावरून वाचून दाखवलं. कोणाचं नाव न घेता वाचलं, पण आवाज मध्येच अडकत होता. तरुण पाळकसाहेब बोटांशी चाळा करत बसले होते. मग कंत्राटदार उठला. तो म्हणाला, की वय झालेल्या माणसाचा आम्हाला अपमान करायचा नाही. त्याने चूक कबूल करावी, मंडळी क्षमा करायला तयार आहे. मामांनी उठून उभं राहावं असं त्याने सुचवलं.

मामा उभे राहिले. हात समोर धरलेले, तोंड मिटलेलं. क्षमा मागायला काही हरकत नव्हती, मनात त्यांनी ठरवूनही टाकलं होतं, की मागावी आणि विषय संपवावा. आयुष्यभर जपलेलं नाव एका वाक्यात द्यायचं होतं. त्यांना वाटलं होतं तेवढं ते सोपं नव्हतं. आपल्याच भाच्याच्या डोळ्यांकडे बघवेना.

तेवढ्यात मागच्या रांगेत काठीचा आवाज झाला. ताई उठल्या होत्या.

"ताई, बस," मामा म्हणाले. त्या सभेत ते बोललेले हे दोनच शब्द.

"तू गप्प राहा. तुला ते चांगलं जमतं," ताई म्हणाल्या. मग त्या मुलाकडे वळल्या. "खजिनदार, तुझ्या शाळेची फी कुठून आली, हे कधी विचारलंस मला? विचारलं होतंस एकदा. मी म्हटलं, देवाने दिली. ते खोटं नव्हतं. मी या थैलीतून घेत होते. एकदा नाही, किती वर्षं. पुस्तकांचे घेतले, तुझ्या बुटांचेही घेतले. तू शेजारी बसून गीत म्हणायचास आणि मी मूठ मिटून पदराखाली घ्यायचे."

ताईंचा श्वास पुरत नव्हता, त्या काठीवर टेकल्या.

"मला वाटायचं, याला कळत नाही. वर बघत उभा असायचा खुळ्यासारखा. आता कळतंय, याला सगळं ठाऊक होतं. आणि त्याने मला एवढंसुद्धा जाणवू दिलं नाही." आवाज फुटला, पण त्या थांबल्या नाहीत. "थैलीतले पैसे गेले असतील. पण हा चोर असेल, तर मीही चोर आहे, आणि तुझं सगळं शिक्षण चोरीचं आहे. लिही तुझ्या कागदावर."

त्या खाली बसल्या. भाच्याने हातातल्या कागदाची घडी केली, मग आणखी एक घडी केली, आणि ती ठेवायला त्याला खिसा सापडेना. पाळकसाहेबांनी उठून प्रार्थना केली आणि सभा संपवली. त्यांना दुसरं काही सुचलं नसावं, पण तेच बरोबर होतं.

मामा घरी गेले ते ताईंसमोर बसून लहान मुलासारखे रडले. आपलं नाव वाचलं म्हणून नाही, तर म्हातारपणी बहिणीला चारचौघांत आपली झाकली मूठ उघडावी लागली म्हणून. ताई म्हणाल्या, की तू मला एवढी वर्षं दिलंस, मी तुला एकदा दिलं, फिटंफाट झालेली नाही अजून. मग मामींनी चहा केला आणि तिघंही तो प्याले.

दोन दिवसांनी भाचा थैली घेऊन दुकानात आला. काचेची पेटी काढून टाकली होती. त्याला क्षमा मागायची होती, ती नीट मागता येईना. मामांनी मागू दिलीही नाही. ते दुसऱ्याच काळजीत होते.

"तुझ्या आईने मला सोडवलं," ते म्हणाले, "पण आता थैलीत हात घालायची कोणाची छाती होईल? सगळ्यांना ठाऊक झालंय. आता प्रत्येकाचा डोळा शेजाऱ्याच्या मुठीवर. ज्याला गरज आहे तो एक तर येणारच नाही, नाही तर उघडा हात बाहेर काढून रिकामा घरी जाईल."

भाच्याने कोण आहे ते विचारलं नाही. तो थैली मांडीवर घेऊन अस्तराला हात लावून बघत बसला. लहानपणी आईची मूठ त्याने शेजारून शेकडो वेळा पाहिली होती, मांडीवर ठेवलेली, घट्ट, गीत संपेपर्यंत. तेव्हा ती उघडायचा तो खेळ करी आणि आई कधीच उघडू देत नसे. थैली मामांच्या हातात देऊन तो गेला.

रविवार आला. खांबाजवळच्या बाकावर माणूस आलं होतं, पण असं बसलं होतं की कधीही उठून जाईल. गीत सुरू झालं. मामांनी थैली उचलली आणि दांडा हातात नीट बसेना, इतका घाम आला होता.

पहिल्या बाकावर भाचा होता. त्याने मूठ मिटून आत घातली, टाकायचं ते टाकलं. मग हात बाहेर काढला तो मूठ मिटूनच. आणि ती मूठ त्याने मांडीवर ठेवली नाही, समोरच्या कठड्यावर ठेवली, मागच्या रांगांना स्पष्ट दिसेल अशी. खजिनदाराने थैलीत हात घातला होता आणि मूठ मिटून बाहेर काढली होती. ज्याला जे समजायचं असेल ते त्याने समजावं, अशी ती तिथे पडून राहिली.

लोक बघत होते. दुसऱ्या बाकावरच्या आजींनी एकदा त्या मुठीकडे पाहिलं आणि आपली मूठ मिटूनच बाहेर काढली. त्यांना जुनी रीत आठवली असेल. मग त्यांच्या शेजारणीने, मग तिच्या नवऱ्याने. कंत्राटदाराचा हात सवयीने उघडा बाहेर आला. त्याने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं आणि घाईघाईने बोटं मिटून घेतली. मामी गाता गाता रडत होत्या आणि त्यांचीही मूठ मिटलेली होती. थैली जसजशी मागे गेली तसतशा बाकामागून बाकांवर मिटलेल्या मुठी पडत गेल्या, आणि त्यात देणारी कोणती नि घेणारी कोणती हे सांगायला आता कोणी उरलं नव्हतं.

मामा खांबापाशी आले. हात आत गेला आणि नुसताच आत राहिला. दांड्यातून मामांना कळत होतं, बोटं चाचपत नव्हती. घे, असं ते मनात म्हणाले, घे रे बाबा, की बाई, जे कोणी असशील ते, हे तुझंच आहे. गीताचं शेवटचं कडवं सुरू झालं होतं.

मग अस्तर एका बाजूला किंचित ओढलं गेलं.

मामांनी मान वर केली. कोपऱ्यातली ओल पूर्वीपेक्षा बरीच वाढली होती. हात बाहेर जाईपर्यंत ते ती सावकाश पाहत राहिले.